गेल्या सगळ्या

वसंतराव पांढरीपांड्यांच्या घराला मोहोळ लागलं ते फाल्गुनात, आणि लागलं तेही कुठे, तर नेमकं नातीच्या खिडकीवर. आता आनंद नगरात काय जागेला तोटा आहे? पलीकडे एक तीन मजली इमारत वर्षानुवर्षं रिकामी पडलीय. कोपऱ्यावर पाण्याची भली मोठी टाकी आहे, तिच्यामागे जुना पिंपळ आहे. पण नाही! अख्ख्या भोपाळात त्या माश्यांना वसंतरावांच्या वरच्या मजल्याचा छज्जाच तेवढा सापडला. चार दिवसांत सुपाएवढं पोळं लोंबायला लागलं, काळंभोर, आणि वारा आला की सगळ्या अंगावर शहारा आल्यासारखं हलायचं.

दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर पोरांनी फोटो काढले असते, बायकांनी मध किती निघेल त्याचा अंदाज बांधला असता. या घरात मात्र ते बघून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण या घरात शमिका होती. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, दिवसभर बडबडणारी. आणि शमिकाला मधमाशी चावणं म्हणजे थेट जिवावर बेतणं होतं.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीत एक माशी तिच्या मनगटाला चावली होती. एकच. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. सोबतच्या बाईंनी डोकं चालवून बस तडक एका दवाखान्याच्या दारात उभी केली म्हणून पोर वाचली. नंतर डॉक्टरीणबाईंनी घरातल्या चौघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, पुन्हा चावली तर याच्यापेक्षा लवकर होईल आणि याच्यापेक्षा जास्त होईल. त्यांनी औषधाच्या काचेच्या दोन कुप्या दिल्या, सुया दिल्या, सिरिंजवर मार्करने रेघ मारून दिली. इथपर्यंत औषध भरायचं, मांडीच्या बाहेरच्या अंगाला टोचायचं आणि मागे न बघता हॉस्पिटल गाठायचं.

ते टोचायला घरात सगळ्यांत आधी कोण शिकलं? वसंतराव. सूनबाई सुरुची हात थरथरतो म्हणाली, मुलगा शैलेंद्र कारखान्यात पाळीवर असायचा, आणि सुलभाताईंना सुई बघूनच घेरी यायची. मग सत्तरीचा हा माणूस रोज सकाळी चहानंतर पाटावर बसून संत्र्याला इंजेक्शन द्यायचा. संत्री नागपूरहून यायची, पुतण्या जयंत पेटी पाठवायचा. त्या हिवाळ्यात पांढरीपांड्यांच्या घरातलं एकही संत्रं भोक पडल्यावाचून राहिलं नाही. सुलभाताई वैतागून म्हणायच्या, "अहो, एखादं तरी धड ठेवा की खायला!" पण वसंतराव ऐकतील तर शपथ. कुपी फोडल्यासारखं करायचं, औषधाच्या जागी पाणी भरायचं, रेघ बघायची, टोचायचं. डोळे मिटूनसुद्धा जमेपर्यंत त्यांनी ते केलं. औषधाची लाल पिशवी हॉलमध्ये दाराशेजारच्या खिळ्याला टांगली आणि तिला हात लावायची मोलकरणीलासुद्धा मनाई केली.

माणूस होताच तसा. वडील छप्पन साली, राजधानी बदलली तेव्हा, नागपूरहून कचेरीच्या टेबलाखुर्च्यांबरोबर भोपाळला आले, आणि वसंतरावांनी सरकारी खात्यात आवक-जावक सांभाळण्यात छत्तीस वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत एक पत्र इकडचं तिकडे गेलं नाही, असं ते स्वतः तर सांगायचेच, पण दुसरेही सांगायचे. घरात त्यांनी 'गॅस बंद केलाय' म्हटलं की कुणी स्वयंपाकघरात डोकावायचं नाही. 'कुलूप लावलंय' म्हटलं की कुणी मागे फिरायचं नाही. सुरुची स्वभावाने संशयी, नवऱ्याने दार लावलं तरी ती स्वतः कडी हलवून बघायची. सासऱ्यांच्या शब्दावर मात्र ती निर्धास्त असायची. वसंतरावांना याचा केवढा अभिमान होता, काय सांगायचं! तोंडाने बोलायचे नाहीत, पण होता.

तर असं मोहोळ लागलं आणि घर कैदखाना झालं. शमिकाच्या खोलीला कुलूप पडलं. खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या, वरच्या बाल्कनीच्या जाळीच्या दाराला आतून कडी लागली. शाळेच्या बसपर्यंत पोरीला नखशिखांत चादरीत गुंडाळून न्यायचं, तसंच आणायचं. भोपाळचा मार्च म्हणजे काय थंडी असते? पोर घामाने निथळायची. खेळायला जायचं नाही, गच्चीवर जायचं नाही, पडदासुद्धा उघडायचा नाही. ती मधल्या खोलीत ट्यूबलाइटखाली बसून चित्रं काढायची आणि मधूनच विचारायची, "आजोबा, वो लोग सो गयी क्या?"

"नाही गं, जाग्या आहेत."

"मेरे को पहचानती हैं क्या?"

वसंतराव म्हणायचे, "छे, त्यांना कुठली ओळख." पण रात्री अंथरुणावर पडलं की त्यांच्याही मनात नको नको ते यायचं. त्यांना भीती वाटत होती, साधी, उघडीनागडी भीती, आणि या वयात ती कुणाला सांगायची तेही कळत नव्हतं.

त्यांनी काय कमी धडपड केली? आठ दिवस फोन लावले, अर्ज लिहिले, दारं झिजवली. एका कचेरीत म्हणाले, आग लागली असेल तर येऊ. दुसरीकडे म्हणाले, साप असेल तर सांगा, माश्या आमच्याकडे नाहीत. तिसऱ्या ठिकाणी एका पोरसवद्या बाबूने अर्जावर शिक्का मारून दिला आणि म्हणाला, "हो जाएगा, अंकल." वसंतरावांनी आयुष्यभर असे शिक्के मारले होते, त्यामुळे त्यांना ताबडतोब कळलं की काहीही होणार नाही. ते बाहेर येऊन पायरीवर बसले. आपणही कधी कुणाच्या अर्जावर असाच शिक्का मारून त्याला घरी पाठवलं असेल का, हे त्यांना आठवेना, आणि आठवेना म्हणूनच फार वाईट वाटलं.

शेवटी दूधवाल्याने हरप्रसादचा पत्ता दिला. रायसेनकडचा माणूस, तीन पिढ्या मध काढणारा. आला, मान वर करून पोळं बघितलं आणि म्हणाला, उद्या दिवेलागणीला उतरवतो. सुरुचीने त्याच दुपारी शमिकाला घेतलं आणि बिट्टन मार्केटजवळ राहणाऱ्या तिच्या मावशीचं घर गाठलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी दारं लावून घेतली, हरप्रसादने शिडी लावली, धूर केला आणि अर्ध्या तासात पोळं बादलीत उतरवलं. मध घ्या म्हणाला तर वसंतरावांनी हात जोडले.

"ने बाबा, सगळं ने. थेंब ठेवू नको."

जाताना हरप्रसादने तोंडावरचं फडकं सोडलं आणि नीट समजावून सांगितलं. "बाबूजी, छत्ता तो गया. पर माछी पंद्रह-बीस दिन यहीं मँडराएगी. भूखी रहेगी. मीठा बाहर मत रखना. एक दाना भी नहीं."

"नहीं रखेंगे," वसंतराव म्हणाले. आणि त्यांनी ते कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. स्वच्छ अक्षरात: 'पाडव्यानंतरही आठ दिवस गोड बाहेर ठेवू नये.'

आता या माणसाने काय काय केलं ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. गुळाचा डबा कपाटात गेला. फळांची परडी फ्रिजमध्ये गेली. अंगणातली जास्वंद आणि कढीपत्त्याचं फुलोऱ्यावर आलेलं झाड त्यांनी छाटून टाकलं, तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या. चहाची कपबशी टेबलावर राहिली की सुलभाताईंवर ओरडायचे. बाल्कनी तीनदा फिनेलने धुतली, छज्ज्यावर जिथे पोळ्याचा मेणचट डाग उरला होता तिथे शैलेंद्रला उभं करून चुना लावून घेतला. देवासमोरचा साखरेचा नैवेद्यसुद्धा ते पाच मिनिटांत उचलायला लावत. सुलभाताई म्हणाल्या, "देवाचं तोंड तरी हलू द्या हो." पण वसंतराव म्हणजे वसंतराव.

आणि रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ जाळीमागे उभं राहून माश्या मोजायच्या. पहिल्या दिवशी शेकडो. छज्ज्याखाली आंधळ्यासारख्या चाचपडायच्या, होतं ते घर शोधायच्या. चौथ्या दिवशी तीस-चाळीस. सातव्या दिवशी पाच. दहाव्या दिवशी एकही नाही. अकराव्या दिवशी एकही नाही. दुसऱ्या दिवशी पाडवा होता.

संध्याकाळी सुरुचीचा फोन आला. मावशीकडे किती दिवस राहणार, शमिका घरी जायचं म्हणून हटून बसली होती. आजोबांबरोबर गुढी उभारायची आणि गाठी गळ्यात घालायची, हा तिचा दर वर्षीचा हक्क होता.

"बाबा, नक्की ना?" सुरुचीने विचारलं. "हरप्रसाद पंधरा-वीस दिवस म्हणाला होता."

"अगं, दोन दिवस झाले, औषधालासुद्धा एक दिसली नाही. गेल्या सगळ्या. मी सांगतोय ना."

ती म्हणाली, "तुम्ही सांगताय म्हणजे झालंच. उद्या सकाळी येतो."

पाडव्याला घर उजळलं. शमिका आली तीच आजोबांच्या कमरेला मिठी मारून. तिला अंघोळ घालून, नवा परकर-पोलका घालून मधल्या खोलीत बसवलं. गुढी वरच्या बाल्कनीत वसंतराव एकटेच उभारणार, ती जाळीच्या आतून बघणार, असं ठरलं. एवढी काळजी घेतली बरं का! वेळूच्या काठीला जरीचं वस्त्र, कडुनिंबाचा डहाळा, झेंडूचा हारसुद्धा नाही, फुलांना माश्या येतात म्हणून तो मुद्दाम टाळला. वर तांब्या पालथा. आणि जयंतने नागपूरहून पाठवलेली साखरेची गाठी, पांढरीशुभ्र, एकेक पदक रुपयाएवढं, हातभर लांब.

छप्पन सालापासून एक पाडवा चुकला नव्हता. वसंतरावांच्या वडिलांनी सरकारी क्वार्टरच्या खिडकीत पहिली गुढी उभारली तेव्हा शेजारपाजारचे विचारायला आले होते की हा कुठला झेंडा. तेव्हापासून काठी तीच, तांब्याही तोच. या गल्लीत आजही एकच गुढी असते. लोक मान वर करून बघतात, आणि वसंतराव खाली उभे राहून तेच बघतात. त्या दिवशीही बघितली. गाठी उन्हात कशी चमकत होती!

फ्रिजवरच्या कागदासमोरून त्या दिवशी ते दहा वेळा गेले असतील. श्रीखंडाचं भांडं जेवण होताच झाकून आत ठेवायला त्यांनीच लावलं. पानात उरलेला श्रीखंडाचा घास त्यांनी स्वतः नळाखाली धुतला. पण वर काठीला टांगलेली हातभर साखर त्यांच्या लेखी गोड नव्हती. ती गुढी होती. सांगा आता, काय म्हणायचं या माणसाला? आणि एकट्या त्यांनाच का म्हणायचं? सुलभाताईंनी गाठी स्वतः ताटातून काढून दिली होती. शैलेंद्रने काठी धरली होती. संशयी सुरुची जाळीआडून हात जोडून उभी होती. चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

दुपारी पुरीश्रीखंडावर वसंतरावांना गाढ झोप लागली. एरवी दुपारी ते जाळीमागे उभे राहायचे. आज म्हटलं, घर भरलंय, सण आहे, पडावं जरा.

सूर्य कलला तसे ते गुढी उतरवायला वर गेले. बाल्कनीत चिटपाखरू नव्हतं. छज्जा पांढरा, मोकळा. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, काठी आडवी घेतली. गाठीची दोन-तीन पदकं ओलसर झाली होती, कडा झिजल्यासारख्या दिसत होत्या. ऊन लागलं असेल, त्यांना वाटलं. त्यांनी वस्त्र झटकलं. एकदा झटकलं, दोनदा झटकलं. काही पडलं नाही. मग गुढी आत घेतली, जाळीचं दार ओढलं, कडी घातली, वर हलवूनही बघितली.

शमिका जिन्याच्या वरच्या पायरीवर उभीच होती. "आजोबा, गाठी!"

त्यांनी गाठी काठीवरून सोडवली. पोरीने मान पुढे केली आणि तशीच थांबली. दोन आठवडे चादरीत गुंडाळलेली पोर ती, तिलाही भीती शिकवलेली होती. मान वाकवूनच तिने विचारलं, "गेल्या ना सगळ्या?"

"गेल्या, बाळा. सगळ्या गेल्या," म्हणत वसंतरावांनी स्वतःच्या हाताने गाठी तिच्या गळ्यात घातली.

दोन पदकांच्या मधे, दोऱ्याला घट्ट चिकटून एक माशी बसली होती. दिवसभर साखर खाऊन जड झालेली, संध्याकाळच्या गारव्याने सुस्तावलेली. शमिकाने आनंदाने गाठी छातीशी दाबली आणि किंचाळली.

पुढचं सगळं वसंतरावांनी बिनचूक केलं. खरंच सांगतो, एक चूक नाही. तिला उचलून खाली आणलं, नांगी नखाने खरवडून काढली, लाल पिशवी ओढली, कुपी फोडली, रेघेपर्यंत औषध भरलं. संत्र्यावर गिरवलेला हात जराही थरथरला नाही. मांडीत सुई गेली तेव्हा तिचे ओठ सुजायला लागले होते. सुलभाताई देवघराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. सुरुची अनवाणीच गाडीत बसली, शैलेंद्रने गाडी काढली. रायसेन रोडवर सणाची गर्दी, पुढे ट्रॅक्टर, हॉर्नवर हॉर्न. वसंतरावांच्या मांडीवर पोर निळसर व्हायला लागली. दुसरी कुपी त्यांनी चालत्या गाडीत टोचली. हॉस्पिटलच्या फाटकात तिचा श्वास थांबला.

तिथल्या लोकांनी तो परत आणला. तीन दिवस घशात नळी होती, यंत्र तिच्यासाठी श्वास घेत होतं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, इंजेक्शन वेळेवर दिलं नसतं तर इथपर्यंत पोचलीच नसती, कुणी दिलं? सगळ्यांनी वसंतरावांकडे बघितलं. वसंतराव भिंतीकडे बघत होते. मेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना अगदी सरळ, स्पष्ट वाटत होतं.

सुरुचीने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाकावर त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय करायची विचारावं तसा.

"बाबा, त्यानं सांगितलं होतं ना, गोड बाहेर ठेवू नका?"

"हो."

"तुम्ही कागदावर लिहून लावलंत."

"हो गं."

"मग गाठी?"

वसंतरावांनी तोंड उघडलं. छत्तीस वर्षं त्यांच्याकडे प्रत्येक कागदाचं उत्तर असायचं. "अगं, ती गुढी होती," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनाच ते ऐकू आलं. ते रडायला लागले. बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, पदराने डोळे पुसणाऱ्या बाईसारखे धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडले. सुरुची बसून राहिली. तिने त्यांचा हात धरला नाही, आणि उठूनही गेली नाही. एवढंच म्हणाली, "मीसुद्धा तिथेच उभी होते, बाबा. पण मी तुमच्या भरवशावर उभी होते."

शमिका वाचली. पण आनंद नगरच्या घरी आली नाही. हॉस्पिटलमधून शैलेंद्रने तिला थेट अयोध्या नगरात नेलं, पाचव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी. कपडे, दप्तर, पुस्तकं दोन खेपांत गेली. तिसऱ्या खेपेला पलंगही गेला. एकाच गावात, गाडीने वीस मिनिटांवर, आणि तरी वर्षभर ती आली नाही. वसंतराव आणि सुलभाताई दर रविवारी जायचे, दारात आधी अंगावरचे कपडे झटकायचे, मग आत जायचे. पोर पूर्वीसारखीच धावत यायची. आवाज मात्र कितीतरी दिवस घोगरा होता. तिसऱ्या का चौथ्या रविवारी त्यांनी खिशातून तिला आवडणारी लिमलेटची गोळी काढून पुढे केली, तर तिने हात मागे घेतला आणि स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, "आई, आजोबांनी दिलंय. ले लूँ?"

"घे," सुरुची आतून म्हणाली.

पोरीने घेतली, कागद उलगडला, सगळ्या बाजूंनी निरखून बघितली आणि मग तोंडात टाकली. वसंतरावांनी पुन्हा कधी खिशात गोळी ठेवली नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. घरात दोन म्हातारी माणसं आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली लाल पिशवी. सुलभाताई म्हणाल्या, आता ती काढा. त्यांनी काढली नाही. पुन्हा फाल्गुन आला तसे वसंतराव न चुकता वरच्या बाल्कनीत जायला लागले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. छज्जा पांढराच होता. मागच्या वर्षीचा चुना तसाच. रिकाम्या इमारतीला यंदा मोहोळ लागलं होतं, पार पलीकडच्या अंगाला, पण या घराकडे एक माशी फिरकली नाही. दुपारी पाठ टेकायची त्यांनी सोडून दिली होती. डोळ्यांत तेल घालून बघत राहिले आणि त्यांना खरोखर एकही दिसली नाही.

पाडव्याच्या तीन दिवस आधी सुरुचीचा फोन आला. वर्षभरात तिचा आवाज निवळला होता. तीही दमली होती बिचारी, किती दिवस माणूस रागावर जगणार.

"बाबा, शमिका फार मागे लागलीय. पाडव्याला तिकडे यायचं म्हणते. गुढी आपण आतच उभारू, गाठी नको, काही नको. फक्त छज्जा एकदा बघून सांगा. तुम्ही सांगाल तसं करू."

तुम्ही सांगाल तसं! ज्या शब्दासाठी वर्षभर हा माणूस झुरला, तोच तिने उचलून हातात दिला होता. सुलभाताई शेजारी उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर केवढा तरी आनंद पसरला. त्यांनी खुणेने सांगितलं, सांगा ना, येऊ दे म्हणा.

वसंतराव फोन घेऊन जिना चढले. सुलभाताई मागोमाग आल्या. ऊन स्वच्छ होतं. त्यांनी जाळीतून छज्ज्याकडे बघितलं, डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा उजवीकडून डावीकडे. काहीच नव्हतं. पण काही नव्हतं ते मागच्या वर्षीही नव्हतं. असंच बघितलं होतं, असेच डोळे होते.

पलीकडे फोन कुणीतरी हिसकावून घेतल्याचा आवाज आला.

"आजोबा, मैं बोल रही हूँ. बघितलं का?"

"बघतोय, बाळा."

"गेल्या ना सगळ्या?"

शब्द तर सोपा होता, वर्षानुवर्षं त्याच शब्दावर घर निर्धास्त झोपत होतं. सुलभाताईंनी त्यांचा दंड धरला आणि हलकेच हलवला.

"नाही गं," वसंतराव म्हणाले. "आहेत अजून."

"अजून?" पोरीचा आवाज एकदम बारीक झाला. "किती आहेत?"

वसंतरावांनी मोकळ्या, पांढऱ्या छज्ज्याकडे बघितलं.

"खूप आहेत," ते म्हणाले. "तू नको येऊस."